आमची कोठेही शाखा नाही

पुण्यातील जुन्या दुकानांवरच्या या पाटीची आपण आजवर पुष्कळ टवाळी केली. तीत पुणेरी ताठा आहे, गिऱ्हाइकाविषयी बेपर्वाई आहे, धंदा वाढविण्याविषयी अनास्था आहे, असे नाना आरोप तिच्यावर झाले. विनोदी लेखकांना आणि नकलाकारांना तर तिने दोन पिढ्या पोसले. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, मराठी व्यापाराने लिहिलेले इतके सरळ आणि खरे वाक्य दुसरे नसेल. दुकान येथे आहे. दुसरीकडे आमच्या नावाने कोणी काही विकत असेल तर ते आमचे नव्हे. आणि आमचा माल हवा असेल तर तुम्हांला येथवर यावे लागेल. चार शब्दांत पत्ता, हमी आणि इशारा ही तिन्ही आली.

आता त्याच दुकानदाराचा नातू वेबसाइट करवून घेतो. ती करून देणारा गृहस्थ त्याला माल कोणता, तो कसा बनतो, हे विचारीत बसत नाही. लोक गूगलवर कोणते शब्द टाइप करतात याची एक यादी तो काढतो, आणि मग 'कोथरूडमधील सर्वोत्तम', 'औंधमधील सर्वोत्तम', 'हडपसरमधील सर्वोत्तम', 'वाघोलीतील सर्वोत्तम' अशी एकाच साच्यातली पाने पडू लागतात. मजकूर अक्षरशः तोच, गावाचे नाव तेवढे बदललेले. दुकान एक, गल्ली एक आणि पाने बावीस! आजोबांची कोठेही शाखा नव्हती. नातवाची सर्वत्र आहे, फक्त तेथे दुकान नाही. खुद्द गूगलच्या नियमावलीत अशा पानांना 'डोअरवे', म्हणजे नुसत्या दारांची पाने, असे नाव असून ती निषिद्ध ठरविली आहेत. तरी ती लिहिली जातात, आणि त्यांचे पैसे तो नातू भरतो.

या विद्येला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणतात; तिच्या उपासकांत 'एसईओ' हे तिचे लाडके नाव. मराठीत सांगायचे तर शोधयंत्राच्या यादीत आपले नाव वर यावे म्हणून करावयाची खटपट. खटपटीला माझा विरोध नाही. खटपटीवाचून कोणाचे दुकान चालले आहे? माझी तक्रार निराळी आहे. लहान गावातल्या लहान दुकानदाराला या विद्येची जी आवृत्ती विकली जाते, तिने त्याचे तोंड गिऱ्हाइकाकडून यंत्राकडे फिरविले आहे. पूर्वी पाटी वाचणाऱ्यासाठी लिहीत. आता ती मोजणाऱ्यासाठी लिहितात. आणि मोजणाऱ्यासाठी लिहावयाचे ठरले की खोटे लिहिणे फार सोपे जाते, कारण यंत्र काही दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन जाब विचारीत नाही.

या विद्येत जे खरे आहे ते आधी पदरात घालून मग भांडलेले बरे. दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्व ठिकाणी एकसारखा असावा. उघडण्याच्या व मिटण्याच्या वेळा खऱ्या असाव्यात. दरपत्रक चित्र म्हणून न चिकटवता यंत्राला आणि माणसालाही वाचता येईल अशा अक्षरांत असावे. साध्या मोबाइलवर पान चटकन उघडावे. दुकानाची छायाचित्रे त्याच दुकानाची असावीत. हे सारे शहाणपणाचे आहे. परंतु वाचकहो, हे एकदाच करावयाचे काम आहे. शिकलेला कोणीही मुलगा ते दोन रविवारांत करील. एवढ्यावर दरमहा बिल फाडता येत नाही, म्हणून बाकीचे सारे अवडंबर उभे राहते.

यादीत वर चढण्याची हाव नवी नाही. टेलिफोनच्या पिवळ्या पानांत नावे वर्णानुक्रमाने लागत, तेव्हा इंग्रजी पहिल्या अक्षरावर डोळा ठेवून कित्येकांनी आपल्या दुकानांची नावे 'ए-वन' किंवा 'एबीसी' अशी ठेवली. ती लबाडी निरागस होती. यादीचा नियम सर्वांना ठाऊक होता, आणि 'ए-वन' सर्वांत वर आहे म्हणजे तो सर्वांत चांगला आहे असे कोणालाच वाटत नसे. आजची यादी नेमका हाच समज निर्माण करते. वर आहे तो चांगला असे आपण गृहीत धरतो, आणि वर तो का आहे याचा पुरता नियम मात्र कोणालाच सांगितला जात नाही.

ज्यांनी ही यादी बांधली त्यांना तिच्यातला धोका ठाऊक नव्हता असेही नाही. सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. एखाद्या पानाकडे दुसरी किती आणि कोणत्या योग्यतेची पाने बोट दाखवितात यावरून त्याची प्रतिष्ठा ठरवावी, ही त्यातली मूळ कल्पना. कल्पना फार चांगली होती. गावातही माणसाची पत अशीच ठरते. त्याच निबंधाच्या एका परिशिष्टात त्यांनी असेही बजावले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोनच वर्षांनी, २००० साली, गूगलने आपली जाहिरातयोजना सुरू केली. भविष्य वर्तविणारे आणि ते खरे करून दाखविणारे एकच निघावेत, असा योग इतिहासात क्वचितच येतो.

पुढे मांजर-उंदराचा खेळ रंगला. यंत्र शब्द मोजते असे दिसताच लोकांनी एकच शब्द शंभर वेळा लिहिला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला, म्हणजे यंत्राला दिसावा आणि माणसाला दिसू नये. यंत्र दुवे मोजते असे कळताच दुव्यांचा बाजार भरला. मग २०११ साली 'पांडा' नावाच्या सुधारणेने पोकळ मजकुराची आणि २०१२ साली 'पेंग्विन'ने विकतच्या दुव्यांची झाडाझडती घेतली. वेबसाइटच्या पोटात दडवून ठेवलेल्या 'मेटा कीवर्ड्‌स'कडे आपण क्रमवारीसाठी पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्याच कीवर्ड्‌सच्या भरणीचा आकार लावलेली बिले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. मेलेल्या घोड्याला नाल ठोकून देणारा आणि त्याची मजुरी मागणारा लोहार मला दुसऱ्या कोणत्याही धंद्यात आढळला नाही.

आता गल्लीतल्या दुकानाकडे येऊ. जवळचे दुकान शोधणाऱ्याला कोणती नावे दाखवावयाची याच्या तीन कसोट्या गूगल सांगते: मागणीशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे देऊन या स्थानिक क्रमवारीत वरची जागा मिळत नाही, असेही ते स्वच्छ सांगते. विकतच्या जागा वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर जाहिरातीचा शिक्का असतो. पण नकाशाखालच्या चौकटीत पूर्वी सात नावे दिसत, ती २०१५ च्या ऑगस्टात तीनांवर आली. ज्या पेठेत तीस शिंपी आहेत तिच्यातले तीन पहिल्या नजरेला दिसणार आणि सत्तावीस 'आणखी पाहा' या शब्दांमागे जाणार, हा निर्णय त्या पेठेला विचारून झाला नव्हता. सातांच्या तीन झाल्या आणि भीती कितीतरी पटींनी वाढली. हा सारा व्यवसाय त्या भीतीवर उभा आहे.

या भीतीच्या दारात जो विक्रेता येतो तो म्हणतो, "तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी!" पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते, पण तेवढेही वाचण्याची गरज नाही, साधा तर्क पुरे. अंतर ही जर एक कसोटी असेल, तर शोधणारा जागचा हलला की यादीही हलणार. दादर स्थानकाबाहेर उभे राहून मागितलेले उत्तर आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मागितलेले उत्तर एक असेलच असे नाही. सबंध शहराचा असा एकच 'पहिला नंबर' मुळात नसतो. जी वस्तू अस्तित्वातच नाही तिची हमी देणाऱ्याला आपल्याकडे पूर्वी एक नाव होते. आता त्याला सल्लागार म्हणतात.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तसबिरींना चौकटी करून देतात. त्यांनी अशाच एका सल्लागाराला वर्षभर दरमहा काही हजार रुपये मोजले. त्या वर्षात त्यांच्या वेबसाइटवर काय आले ते मी पाहिले. मानवी जीवनात चौकटीचे महत्त्व या विषयावर भयंकर इंग्रजीतला एक प्रबंध. त्यात शहराचे नाव दर तिसऱ्या ओळीला. आणि बाजूस चित्र कुठल्या परदेशी दिवाणखान्याचे, जेथील भिंतीवर यांची एकही चौकट नाही. मी तो प्रबंध शेवटपर्यंत वाचला. घरात माणूस गेले तर त्याच्या फोटोला हे गृहस्थ त्याच दिवशी चौकट करून देतात आणि त्या कामाची घाई सांगून जादा पैसे घेत नाहीत, ही गोष्ट त्यात कोठेही नव्हती. आसपासच्या चार पेठांना त्यांची ओळख आहे ती याच गोष्टीने. महिन्याच्या शेवटी येणाऱ्या अहवालात मात्र 'इंप्रेशन्स' वाढल्याचा आलेख असे. किती लोकांच्या डोळ्यांसमोरून नाव सरकले याचा तो आकडा. दुकानाची पायरी किती चढले, याचा रकाना त्या अहवालात नव्हता.

सल्लागार हे का लिहीत नाही? त्याचे उत्तर ठरलेले असते: "त्याला सर्च नाही." म्हणजे ते शब्द कोणी टाइप करीत नाही. आणि येथे ही गोष्ट व्यापाराची राहत नाही, ती आपल्या भाषेची होते. आपल्या दुकानांनी एक फार सुंदर मराठी घडविली होती. 'भाजणी दळून मिळेल', 'पिको-फॉल करून मिळेल', 'जुन्या भांड्यांना कल्हई लावून मिळेल', 'ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या मिळतील'. या 'मिळेल'मध्ये बढाई नाही. काय होईल तेवढे सांगावयाचे आणि थांबावयाचे, अशी ती रीत. नव्या विद्येला एवढ्याने भागत नाही. तिला 'बेस्ट', 'टॉप' आणि 'नंबर वन' लागतात; आणि एका गल्लीत तीस शिंपी सर्वोत्तम झाले की सर्वोत्तम या शब्दात काही उरत नाही.

मराठीत सर्च नाही म्हणून वेबसाइट मराठीत करावयाची नाही. वेबसाइटी मराठीत नाहीत म्हणून लोक मराठीत शोधावयाचे नाहीत. आणि लोक शोधीत नाहीत म्हणून पुन्हा मराठीत सर्च नाही! हा घाण्याचा बैल आहे. दुकानांच्या पाट्यांसाठी आपण केवढा लढा केला! महाराष्ट्राने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती केली. दहांहून कमी कामगारांच्या लहान दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावे असे ठरले. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. पुढल्या वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरात, मराठी अभिजात ठरली आणि आपण पेढे वाटले. परंतु अनोळखी गिऱ्हाईक हल्ली रस्त्यावरची पाटी पाहते ते नकाशाने त्याला दारात आणून सोडल्यावर. त्याच्या आधीची, खरी पहिली पाटी त्याच्या हातातल्या काचेवर लागलेली असते, आणि तिच्याविषयी आम्ही अभिमानी लोक चकार शब्द काढीत नाही. रस्त्यावर अक्षराची उंची मोजणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. स्वतःच्या गावातल्या दुकानांची ती दुसरी पाटी उघडून पाहणारा एकही पाहिला नाही.

त्या पाटीवर नावेसुद्धा धड राहिलेली नाहीत. दुकानाचे नाव पाटीवर असेल तेच नकाशावर द्यावे, त्याला शब्दांच्या शेपट्या लावू नयेत, असा गूगलचा नियम आहे. तरी एखाद्या दंतवैद्याच्या नावापुढे 'बेस्ट डेंटिस्ट, रूट कॅनाल, नियर मी' अशी वरात लागलेली आपण रोज पाहतो. 'नियर मी', म्हणजे माझ्याजवळ, हे शोधणाऱ्याने म्हणावयाचे शब्द! ते दुकानाने स्वतःचे नाव म्हणून कपाळावर गोंदवून घ्यावेत? न्यूयॉर्कात तर 'थाई फूड नियर मी' हेच नाव धारण करणारे उपाहारगृह निघाले आणि २०२३ साली तेथील पत्रकारांनी त्याची दखल घेतली. त्याने निदान खऱ्या पाटीवर तेच नाव लावले, एवढा त्याचा प्रामाणिकपणा. मुलाचे नाव ठेवताना आपण आत्याला विचारतो. दुकानाचे नाव यंत्राला विचारून ठेवण्याचे दिवस आले.

तिसरी कसोटी प्रसिद्धीची, आणि तिचा मोठा आधार म्हणजे गिऱ्हाइकांचे अभिप्राय व तारे. २०१७ साली लंडनच्या डलिच भागात एका तरुण पत्रकाराने आपल्या अंगणातील खोपटाला उपाहारगृह म्हणून 'ट्रिपॲडव्हायझर'वर नोंदविले, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले आणि काही महिन्यांत ते लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. तोवर तेथे एकाही गिऱ्हाइकाने घास खाल्लेला नव्हता. थट्टा म्हणून ही गोष्ट चांगली आहे. पण आपल्या तालुक्यात खरोखर स्वयंपाक करणारी जी बाई खाणावळ चालविते, तिला याच मापाने मोजले जाते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ च्या नोव्हेंबरात अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक आणले, ते ऐच्छिक ठेवून. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ साली खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदीचा नियमच केला. सरकारे जागी होत आहेत. पण पाच तारे दिल्यास बिलात सूट देणारे दुकान आणि ती सूट घेणारे आपण यांच्यामध्ये कोणते सरकार येऊन उभे राहणार?

आता कोणी म्हणेल, "जाहिरात पूर्वीही होती. तुम्हांला काळाबरोबर चालवत नाही म्हणून ही चिडचिड." जाहिरात होती, मान्य. पण वर्तमानपत्रातली जाहिरात जाहिरात म्हणूनच छापली जाई, आणि ती वाचणारा माणूस तिला मनातल्या मनात निम्म्याने कापून घेई. येथे जाहिरातीला निकालाचे रूप दिले आहे. दुसरा म्हणेल, "यंत्र दिवसेंदिवस शहाणे होत आहे, लबाडांना ते शोधून काढील." काढते, हेही खरे. पण या शर्यतीचा खर्च कोण सोसतो? लबाडाचे एक नाव उडाले तर तो दुसरे घेतो. ज्याचे एकच नाव आहे आणि कोठेही शाखा नाही, त्याचे नाव चुकून उडाले तर ऐन दिवाळीत तो संगणकावर नमुने भरीत बसतो.

आणि न्यायाधीश तरी कोण? जो यादी लावतो, तोच यादीच्या डोक्यावरची जागा विकतो. ही माझ्यासारख्या एका लेखकाची कुरकुर नव्हे. भारताच्या स्पर्धा आयोगाने शोधातील पक्षपाताबद्दल २०१८ साली गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. अमेरिकेत २०२४ च्या ऑगस्टात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी, या कंपनीने शोधातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी राखली, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात भारतात शोधाच्या उत्तरावर यंत्रानेच लिहिलेला सारांश दिसू लागला. म्हणजे दुकानाच्या पानापर्यंत जाण्याचेही कारण उरू नये. आता त्या सारांशात नाव घुसविण्याची विद्या विकणारे सल्लागार निघाले आहेत. भीती तीच, फक्त बिलावरचा शब्द नवा.

तेव्हा करावयाचे काय? यंत्रावर बहिष्कार घाला असे मी सांगणार नाही. ज्याचे पोट गल्लीवर आहे त्याला असा उपदेश करणे निर्लज्जपणाचे होईल. नकाशावर आपली नोंद प्रत्येक दुकानदाराने स्वतः करावी; तिला पैसे पडत नाहीत. नाव पाटीवरचेच द्यावे. खाली मराठीत चार ओळी लिहाव्यात: काय मिळेल, काय मिळणार नाही, केव्हा बंद असते, आणि आपण कोणते काम इतरांहून बरे करतो. यंत्राला मराठी वाचता येते; आपल्यालाच लिहिण्याची लाज वाटते. हमी देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. गावोगावच्या व्यापारी मंडळांनी सत्कार आणि हळदीकुंकू यांतून सवड काढून आपल्या सभासदांच्या नोंदी एका बैठकीत तपासाव्यात आणि गावातल्या सर्व दुकानांची, तिघांची नव्हे तर तिसांचीही, एक साधी यादी स्वतःच्या खर्चाने चालवावी.

आणि आपण गिऱ्हाइके? रागावल्यावर एक तारा देण्यास आपण किती तत्पर असतो! ज्या शिंप्याने वीस वर्षे आपले कपडे शिवले, ज्या गिरणीवाल्याने आईच्या हातचे प्रमाण ध्यानात ठेवून भाजणी दळून दिली, त्यांच्यासाठी आपण आजवर एक ओळ लिहिलेली नाही. ती या दिवाळीत लिहावी, मराठीत लिहावी, आणि खरी असेल तेवढीच लिहावी. तारे यंत्राने मोजले तर मोजोत. ती ओळ कोणीतरी माणूस वाचील.